केसातून फिरवलेली सुई

त्या ड्रेसची पेटी उघडली तेव्हा आधी वास आला आणि मग ड्रेस दिसला. वास व्हिनेगरचा होता. इचलकरंजीत बसस्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीवर येतो, अगदी तोच. हॅनोव्हरमधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात, पांढरे हातमोजे घालून उभी असताना मला गाडीवरचा तवा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

"त्याच्या मरणाचा वास आहे तो," शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "हळू मरतोय. आपण फक्त आणखी हळू करू शकतो."

जुने कपडे जपणं हे या बाईंचं काम. तीस वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. समोर मी त्यांना फ्राऊ म्हणून आडनावाने हाक मारायचे, पण मनात त्या माझ्यासाठी बाईच होत्या, शाळेतल्या बाईंसारख्या. इथेही तसंच लिहिते.

मी हॅनोव्हरला पदार्थविज्ञान शिकत होते, विषय प्लास्टिकचा. संग्रहालयाला जुनं प्लास्टिक ओळखणारं कोणीतरी हवं होतं आणि मला मास्टरआर्बाइटसाठी, म्हणजे शेवटच्या प्रबंधासाठी, विषय हवा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा मागावर कामाला, आई घरी बसून लोकांच्या ब्लाउजवर टिकल्यांचं काम करायची. त्यामुळे अशा ठिकाणी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे घरात कोणाला विचारण्याची सोय नव्हती. मी बहुतेक वेळा गप्प बसायचे. पुढे जे झालं त्यात याचाही भाग आहे.

ड्रेस पॅरिसमध्ये शिवलेला होता, गेल्या शतकाच्या मध्यावरचा. पांढरी रेशमी जाळी, आणि तिच्यावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत भरतकाम. पण भरतकाम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसं ते नव्हतं. पारदर्शक प्लास्टिकच्या नखाएवढ्या चकत्या होत्या, सेलोफेनच्या पट्ट्या वळून केलेली गवताची पाती होती, मध्येमध्ये ॲल्युमिनियमच्या केसासारख्या फिती. बाई सांगायच्या की युद्ध संपल्यानंतर तिथल्या फॅशनवाल्यांना कारखान्यातून येणारी प्रत्येक नवी वस्तू कपड्यावर लावून बघायची होती. प्लास्टिक तेव्हा हलक्यातलं वाटत नसे, उद्याचं वाटे. रेशीम जुनं होईल आणि हे तसंच राहील, असं बहुधा त्यांना वाटलं असावं. झालं उलटं. रेशीम शाबूत होतं. चकत्या पिवळ्या पडून कडांनी वळत होत्या आणि त्यांच्यातून आम्ल सुटत होतं. वास त्याचा होता.

दोन महिने मी फक्त मोजमाप केलं. कोणती चकती कशाची, कोणती किती वळली. काम शांत होतं आणि मला शांततेची भीती वाटत होती, कारण जानेवारीत आई गेली होती.

ती अचानक गेली. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता आणि घर धुऊन झालं होतं. परत येताना मी तिच्या कपाटातून एकच वस्तू आणली, खोबरेल तेलाची बाटली. ती स्वतः मेथ्या, कढीपत्ता आणि जास्वंदीची फुलं घालून तेल उकळायची आणि दर वेळी मला भरून द्यायची. ही बाटली तिने माझ्यासाठीच भरून ठेवली होती. झाकणाला प्लास्टिकची पिशवी रबराने गच्च बांधलेली, बॅगेत सांडू नये म्हणून. ते रबर मी अजून ठेवलं आहे.

तेल मी जपून वापरायचे, आठवड्यातून एकदा, रविवारी. सोमवारी तळघरात व्हिनेगरच्या वासाखाली मला माझ्याच केसांचा वास यायचा आणि वाटायचं कोणीतरी मागे उभं आहे. दुपारी वरचे लोक जेवायला गेले की कधीकधी आवाजही यायचा, स्टीलच्या ताटलीत टिकल्या सरकवल्याचा. आई काम सुरू करताना ताटली अशी हलवायची आणि एका रंगाच्या टिकल्या एका बाजूला घ्यायची. मी मान वर करायचे. हवा खेळवणाऱ्या यंत्राची जाळी थरथरत असायची. आवाज त्या जाळीचाच असणार. मला ते माहीत होतं, तरी दर वेळी मान वर व्हायचीच.

नोव्हेंबरात बाईंनी मला सुई दिली. आधी सहा आठवडे जुन्या चिंध्यांवर सराव करून घेतला होता. डाव्या खांद्याखाली एक चकती सैल झाली होती, लोंबत होती. मार्चमध्ये प्रदर्शन होतं, प्लास्टिक आणि फॅशनवरचं लहानसं, आणि हा ड्रेस त्यात मधोमध उभा राहणार होता.

"तीन टाके," बाई म्हणाल्या. "जुन्या भोकांतूनच. हातमोजे काढ, सुईला बोटं लागतात. हात धुतलेस ना? गेनाऊ, बरोबर. मी वर फोन करून येते."

पहिला टाका सरळ गेला. दुसऱ्याला सुई अडली. जाळी जुनी, दोरा बारीक, ओढलं तर फाटेल. आणि मी सुई उचलली, भांगाजवळ केसांतून एकदा फिरवली आणि टाका घातला. सुई लोण्यातून जावी तशी गेली. तिसराही गेला. दोरा कापला, कात्री ठेवली, आणि मग मला कळलं मी काय केलं ते.

आई हे दिवसातून शंभरदा करायची. आरीने काम करताना नाही. आरी म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई, ती आपोआप धावते. पण ओळ संपली की दोरा उलट्या बाजूला साध्या सुईने पक्का करावा लागतो. तिथे सुई अडली की तिचा हात आपोआप डोक्याकडे जायचा. "सुईला बी तेल लागतंय गं, माणसासारखं," ती म्हणायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना तिच्यासमोर बसून दोरे पक्के करून द्यायचे, आणि माझाही हात तसाच जायचा. मग इथे येईपर्यंत पंधरा वर्षं मी सुई हातात धरली नव्हती. हात विसरला नव्हता.

त्या दिवशी सोमवार होता.

बाई खाली आल्या, भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "सुंदर. हात शिकलेला आहे." मी काहीच बोलले नाही. तेव्हाच बोलले असते तर सगळं पाच मिनिटांचं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी ड्रेस अंधाऱ्या खोलीत नेला. भर दुपार होती, पण त्या खोलीला खिडकी नाही. तिथे जांभळा, डोळ्यांना नीट न दिसणारा दिवा लावतात. त्या उजेडात जुना गोंद, जुनी चरबी, घाम हे सगळं चमकतं. बाईंना फक्त गोंद कुठे आहे ते बघायचं होतं.

दिवा लागला. ड्रेस नाहीसा झाला आणि अंधारात ठिपके उरले. पिवळसर, मोहरीएवढे, शंभरेक तरी असतील. गळ्यापासून खाली ओळीओळीने, माणसाच्या आकारात. कोणीतरी तिथे उभं होतं आणि त्याला अंग नव्हतं, फक्त ठिपके होते.

एक ठिपका डाव्या खांद्याखाली होता, माझ्या टाक्यांच्या जागी.

बाई ड्रेसवर वाकल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "हा गोंद नाही. बघ, कुठे आहेत ते बघ. फक्त ओळींच्या शेवटी."

मी बघितलं. खरंच, प्रत्येक ठिपका तिथे होता जिथे दोरा संपत होता. बाईंनी समजावलं की पॅरिसच्या कारखान्यांत हे काम उलट्या बाजूने करायचे. कापड चौकटीवर ताणलेलं, चकत्या खालच्या अंगाला, आणि भरणाऱ्या बायका वरून आकड्याच्या सुईने त्या अडकवत जायच्या. सुलट बाजू त्यांना काम संपून चौकट उलटेपर्यंत दिसायची नाही. आणि ओळ संपली की दोरा साध्या सुईने पक्का करायच्या.

"म्हणजे साध्या सुईला काहीतरी लागलेलं होतं," बाई म्हणाल्या. "कसलीतरी चरबी. मेण असेल? आल्झो, तर मग नमुने घेऊ."

मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पॅरिसच्या कुठल्याशा खोलीत रांगेने बसलेल्या बायका, आणि सुई अडली की त्यांचे हात डोक्याकडे जाताना मला दिसत होते. एकीचाही चेहरा दिसत नव्हता. आणि रांगेच्या शेवटी, डाव्या खांद्याखाली, आई बसली होती.

बाईंनी तीन ठिकाणचे नमुने घ्यायला सांगितलं. तिसरं ठिकाण त्यांनीच दाखवलं. "इथला ठिपका सगळ्यात ठळक आहे, इथलाही तपासू." मी कापसाच्या तीन लहान बोळ्यांनी नमुने टिपले आणि काचेच्या कुप्यांत घातले. तिसरी कुपी बदलणं सोपं होतं. तो विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. बदलली नाही, पण बोललेही नाही.

निकाल दहा दिवसांनी आला. दोन कुप्यांत जुनी, सडलेली चरबी, कशाची ते सांगता येणार नाही अशी. तिसऱ्यात तीच, आणि जोडीला खोबरेल तेल.

बाईंना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी हात धुऊन बसले होते, त्यामुळे तेल माझं असेल असा संशय त्यांना आला नाही. दोन दिवस त्या कुठली कुठली पुस्तकं काढून बसल्या. त्या काळी फ्रान्समध्ये केसांना लावायच्या सुगंधी मलमांत खोबरेल असायचं, असं त्यांना कुठेतरी सापडलं. प्रदर्शनात ड्रेसशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर त्यांनी मला मेलवर पाठवला. त्यात लिहिलं होतं की पॅरिसच्या भरतकाम करणाऱ्या स्त्रिया सुईला खोबरेलयुक्त केशमलम लावत, आणि त्याचा पुरावा या ड्रेसवर प्रथमच मिळाला आहे. खाली संशोधन साहाय्य म्हणून माझं नाव होतं.

मी तो मेल ट्राममध्ये वाचला आणि माझा स्टॉप गेला.

हॅनोव्हरमध्ये मी मूळच्या पुण्याच्या एका ताईंकडे खोली घेऊन राहत होते. त्या आयटीत, आणि तेव्हा त्यांच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी दोघींना सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"सांगू नकोस," ताई म्हणाल्या. "कोण बघायला गेलंय? थेंबभर तेल."

"थेंबभरही नाही."

"मग तर झालंच. हे लोक नियमाचे पक्के असतात. प्रबंध हातातून गेला तर व्हिसाचं काय करशील? परत पहिल्यापासून विषय शोधणारेस?"

काकू, म्हणजे त्यांच्या सासूबाई, वाटाणे सोलत होत्या. "पण मी म्हणते, सुई केसातून न फिरवता शिवतात तरी कशा या?"

"आई, तुम्ही जरा थांबा हो."

"थांबते. पण त्या फ्रान्सच्या बायकांनीही फिरवलीच असणार. त्यांना काय केस नव्हते?"

"तेच तर," मी म्हणाले. "त्यांनी फिरवलीच. फक्त खोबरेल त्यांचं नाही."

काकूंनी एक शेंग हातात तशीच धरली. "मग त्यांच्या नावावर तुझ्या आईचं तेल कशाला चढवायचं?" त्या म्हणाल्या. ताई खिडकी उघडायला उठल्या.

त्या रविवारी मी बाबांना फोन केला. आईच्या तेलात नक्की काय काय असायचं ते विचारलं.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "वास यायचा, एवढं खरं. का गं?"

"सहज."

"आता नाही येत," ते म्हणाले. "उशीला येत होता. ती पण धुतली कुणीतरी."

मी फोन ठेवला आणि बाटली उजेडात धरून बघितली. तळाशी दोन बोटं तेल उरलं होतं. खरं सांगायचं तर व्हिसाची भीती होतीच, पण तीच एकटी नव्हती. मी बोलले तर खांद्याखालची ती जागा पुसावी लागणार होती. संग्रहालयात वस्तूला बाहेरचं काही लागलं तर ते काढतात, हा पहिला धडा मी तिथे शिकले होते. आईने आयुष्यभर हजारो ब्लाउज भरले. ते कोणाच्या अंगावर गेले, कुठे गेले, आम्हाला माहीत नाही. आमच्या घरात तिच्या हातचा एकही नाही. स्वतःसाठी तिने कधी भरला नाही. आणि इथे, मरणानंतर चौदा महिन्यांनी, ती एका काचेच्या कपाटात जाणार होती. कोणाला कळलं नसतं. मला कळलं असतं आणि मी हवं तेव्हा जाऊन उभी राहिले असते.

पण ती तिथे दुसऱ्याच कोणाच्या नावाने उभी राहिली असती. पाटी वाचून लोक पुढे गेले असते, पुढे कोणीतरी ते पुस्तकात घातलं असतं, आणि त्या पॅरिसच्या बायकांबद्दल आधीच कोणाला फार ठाऊक नाही, त्यात जे ठाऊक ते खोटं झालं असतं. काकूंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

सोमवारी मी बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. घरून जर्मनमध्ये वाक्यं पाठ करून गेले होते. तिसऱ्या वाक्याला क्रियापद कुठे ठेवायचं ते विसरले आणि सरळ म्हणाले, "खोबरेल माझं आहे."

बाईंनी चष्मा काढला.

मी सगळं सांगितलं. सुई अडली ते, हात कसा गेला ते, अंधाऱ्या खोलीत काय वाटलं ते. तिसरी कुपी बदलावीशी वाटली तेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"किती दिवस माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पाच आठवडे."

"पाच आठवडे," त्या म्हणाल्या. मग टेबलाच्या खणातून सुई काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "दाखव."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण चेहरा तसा नव्हता. मी सुई घेतली आणि भांगाजवळून फिरवली. हात इतक्या सहज गेला की मलाच भीती वाटली. बाईंनी दुसरी सुई घेऊन स्वतःच्या आखूड पांढऱ्या केसांतून फिरवली, आणि ती चिंधीत घालून बघितली. पुन्हा फिरवली, पुन्हा बघितली.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि हे मला सुचलं नाही. आम्ही टोप्या घालून काम करतो."

मग त्यांनी पाटीचा मजकूर काढून खोबरेलाचं वाक्य खोडलं. माझ्या नावावर पेन थांबवलं. "हे राहील," त्या म्हणाल्या. "प्रबंधही राहील, मोजमाप तू चांगलं केलंस. पण यापुढे वस्तूला सुई लावायची नाही. इथेही नाही आणि मला विचारलं तर दुसरीकडेही नाही."

"हो."

"आणि ती जागा आज साफ करायची."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "त्यांचे ठिपके इतिहास आणि माझा डाग, असं का?"

बाई रागावल्या नाहीत. "ड्रेस जेव्हा तयार होत होता तेव्हा त्या तिथे होत्या," त्या म्हणाल्या. "तुझी आई नव्हती. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही."

साफ त्यांनीच केलं, मी दिवा धरला. ॲसिटोन चालणार नव्हतं, त्यात चकत्याच विरघळल्या असत्या. सौम्य द्रावकात भिजवलेला कापूस, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. दिवा लागला. सगळे ठिपके जिथल्या तिथे होते, फक्त डाव्या खांद्याखाली काळोख होता. तिथे माझ्या तेलाआधीपासून एक ठिपका होता, कोणा दुसरीचा, आणि माझं तेल त्याच्यात मिसळलं होतं. वेगळं करता येत नव्हतं. दोघी एकदमच गेल्या.

"हे पण लिही," अंधारात बाई म्हणाल्या.

प्रत्येक वस्तूची एक फाइल असते. तिला काय झालं, कोणी काय केलं, का केलं, सगळं त्यात जातं आणि वस्तू असेपर्यंत राहतं, वस्तू गेल्यावरसुद्धा. त्या दुपारी मी जर्मनमध्ये अर्धं पान लिहिलं. मूळचा एक ठिपका माझ्यामुळे नष्ट झाला, हे लिहिलं. कारण या रकान्यात लिहिलं की सुई अडल्यास केसांतून फिरवण्याची सवय, आईकडून आलेली. आई घरी भरतकाम करत असे. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "कोणत्या प्रकारचं भरतकाम, ते लिही. किती वर्षं, ते पण. इथे नेमकं लिहितात." मी लिहिलं. जाळी आणि सॅटिनवर टिकल्या, नळ्या आणि मणी, आरीने, सव्वीस वर्षं.

मार्चमध्ये प्रदर्शन उघडलं. पाटीवर आता एवढंच आहे की ओळींच्या शेवटी भरणाऱ्या हातांच्या खुणा आढळल्या. लोक वाचतात आणि पुढे जातात. मी दोनदा जाऊन आले. काचेबाहेर व्हिनेगरचा वास येत नाही, खोबरेलाचा तर नाहीच. तरी दोन्ही वेळा मी डाव्या खांद्याखालच्या त्या चकतीसमोर उभी राहिले, जिथे आता काहीच नाही, आणि दोन्ही वेळा मागे ताटलीत टिकल्या सरकल्याचा आवाज आला. त्या दालनात हवेचं यंत्र नाही. मी मान वळवली नाही.